मायचा हात, माझा खांदा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. पहाटे घरचा डबा करून मी कोळसेवाडीतून नेहमीप्रमाणे कल्याण स्टेशनवर आले आणि डोंबिवलीला जायला लोकलच्या लेडीज डब्यात चढले. मध्ये फक्त ठाकुर्ली. बसायला मिळेल अशी अपेक्षाच नसते, म्हणून उजवा हात वर करून कडी धरायला गेले, आणि खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. हात आपोआप खाली आला. मागच्या बाईने विचारले, "काय झालं हो ताई?" मी म्हटले, "काही नाही, झोपेत अवघडला असेल."

आपण बायका सुरुवातीला असेच म्हणतो. काही नाही. अवघडला असेल.

मी डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात कामाला आहे. आमच्यात चपाती म्हणतात, तिकडे पोळी म्हणतात. लाटणे मात्र तेच. रोज सकाळी पाच तास उभे राहून तीनशेच्या आसपास पोळ्या लाटते. पगार महिन्यावर नाही, नगावर. जितक्या पोळ्या तितके पैसे. त्यामुळे खांदा दुखतो म्हणून चार दिवस घरी बसले, तर चार दिवसांचे पैसे गेले. नवऱ्याची रिक्षा आहे, तिचे हप्ते आहेत. मुलगी तेव्हा बारावीत होती, तिच्या क्लासची फी माझ्या लाटण्यातून निघत होती.

दुखणे वाढतच गेले. उजव्या कुशीवर झोपता येईना. ब्लाऊजमध्ये हात घालताना तोंडातून "आई गं" निघायचे. मांडणीवरचा डबा काढायचा तर डाव्या हाताने. पाठ घासता येईना. गंमत अशी की हात खाली असताना काही नाही, पूर्ण वर नेला तर त्यातल्या त्यात बरे, पण अधल्यामधल्या टप्प्यात, खांद्याच्या उंचीच्या आसपास, सुरी फिरवल्यासारखी कळ.

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "कुणाची नजर लागली असेल, उतरवून टाक." मी हसले. आमच्या आजोबांनी १९५६ सालीच तो दरवाजा बंद केलेला आहे, तो मी खांद्यासाठी कशाला उघडू? पण नजर उतरवली नाही म्हणून मी फार शहाणी ठरले असे नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, पोटात आग पडली. एका मालिशवाल्याने तेल लावून खांदा असा रगडला की दोन दिवस हात हलेना. तो म्हणाला, "शीर सरकली होती, बसवली." शीर बसली की नाही ठाऊक नाही, मी मात्र घरी बसले.

नंतर कुणीतरी एका खाजगी दवाखान्याचे नाव सांगितले. तिथे खांद्यावर निळ्या रंगाची पट्टी चिकटवत. ही पट्टी तुम्हीही टीव्हीवर खेळाडूंच्या अंगावर पाहिली असेल. सुती कापडाची, ताणली जाणारी, मागून गोंद लावलेली. पट्टी लावली आणि खरे सांगते, त्या दिवशी बरे वाटले. खांद्याला कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे वाटत होते. तीन दिवस चांगले गेले. चौथ्या दिवशी तव्याच्या धगीने आणि घामाने पट्टीच्या कडा सुटल्या, कातडी लाल होऊन खाज सुटली, आणि दुखणे होते तिथेच. पुन्हा गेले. पुन्हा पट्टी. एका वेळेचे चारशे रुपये. असे सहा वेळा केले. चोवीसशे रुपये म्हणजे आमच्या घरात थोडे नव्हेत. तिथे व्यायामाचे नाव कुणी काढले नाही आणि मीही विचारले नाही. पट्टी हाच उपचार, असे मी धरून चालले होते.

सातव्या वेळी पैसे नव्हते. त्या रात्री मुलगी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी क्लास सोडते. सकाळी तुझ्याऐवजी मी जाते पोळ्या लाटायला. तू थोडे दिवस आराम कर."

वाचक भगिनींनो, हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कारण हेच वाक्य मी स्वतः पंधराव्या वर्षी माझ्या आईला म्हटले होते.

माझी माय जालन्याकडची. १९७२ च्या दुष्काळात तिने रोजगाराच्या कामावर खडी फोडली. त्यानंतर गाव सोडून वडिलांबरोबर कल्याणला आली. इथे इमारती उठत होत्या, तिथे ती बिगारी म्हणून लागली. डोक्यावर घमेले, एक हात वर करून घमेल्याला धरलेला, आणि बांबूच्या परातीवरून वर चढायचे. वीस वर्षे हेच काम. मी नववीत असताना तिचा उजवा खांदा धरला. आधी रात्र-रात्र दुखायचा. मग हळूहळू हात आखडत गेला. काही महिन्यांनी तिला हात छातीच्या वर नेता येईना. डोक्यावरचे घमेले धरता येत नाही, त्या बाईला मुकादम कशाला ठेवील? काम सुटले. तेव्हा मी म्हटले, "माय, तू आराम कर, मी जाते कामाला." ती नको म्हणाली नाही. नको म्हणण्याची तिची ऐपत नव्हती. माझी दहावी राहिली ती राहिलीच.

मायचे दुखणे दोनेक वर्षांनी थांबले, पण हात काही वर गेला नाही. तिची वेणी मी घालायचे. ती पाटावर बसायची, मी मागे उकिडवी बसून तिचे केस विंचरायची, आणि ती म्हणायची, "हात गेला माझा." जणू हात कुठे गावाला गेला आहे. तिला कुणी मोठ्या डॉक्टरकडे नेले नाही. या दुखण्याला काही नाव असते, काही उपाय असतो, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. म्हातारपणी तिला साखरेचा आजार निघाला. मग ती गेली.

तर त्या रात्री मी मुलीला इतकेच म्हटले, "तू क्लास सोडायचा नाहीस. मी उद्याच मुंबईला जाते."

दुसऱ्या दिवशी खाडा करून मी मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात गेले. केसपेपर काढला, रांगेत बसले, हाडांच्या डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपी विभागात पाठवले. तिथल्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा सहासात वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पहिल्यांदा माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जोर लावू नका, हात मला देऊन टाका." त्यांनी हात हळूहळू वर नेला. तो वर गेला. दुखले, पण गेला. कोपर अंगाशी ठेवून त्यांनी हात बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला, तोही वळला.

त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचा खांदा आखडलेला नाही. सांधा मोकळा आहे, त्याला धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या थकल्या आहेत."

मग त्यांनी समजावून सांगितले ते मी इथे माझ्या शब्दांत देते. खांदा हा शरीरातला सर्वात जास्त फिरणारा सांधा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीत बसतो ती उथळ. शाळेत लिंबू-चमच्याची शर्यत असते ना, त्यातल्या लिंबासारखा तो गोळा बसलेला असतो. त्याला चारी बाजूंनी चार लहान स्नायू धरून ठेवतात. आपण वर्षानुवर्षे एकाच तऱ्हेचे काम करतो, खांदे वर उचलून लाटतो, कपडे पिळतो, ओझी उचलतो, तेव्हा या स्नायूंच्या दोऱ्या दुखावतात. हात अर्ध्यावर आला की कळ येते ती बहुधा त्यांचीच.

मी विचारले, "आणि ज्यांचा हात दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही, त्यांचे काय?" त्या म्हणाल्या, "तो आखडलेला खांदा. त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. सांध्याभोवतीचे वेष्टन आवळत जाते. चाळीस ते साठ वयात जास्त दिसतो, बायकांना अधिक, आणि साखर असलेल्यांना तर बराच जास्त. म्हणून तुम्हीही साखर तपासून घ्या." अमेरिकेतील बोस्टनचे डॉक्टर अर्नेस्ट कॉडमन यांनी या आजाराला हे नाव १९३४ साली दिले. म्हणजे माझ्या मायचा जन्म होण्याच्याही आधी. आजाराला नाव होते, ते आमच्या झोपडीपर्यंत पोचले नव्हते, एवढेच. मला तिथेच रडू आले. मॅडमना वाटले, दुखले म्हणून रडते.

मी त्यांना निळ्या पट्टीबद्दल विचारले. त्यांनी पट्टीला नावे ठेवली नाहीत. त्या म्हणाल्या, "मावशी, पडवी कलली तर आपण टेकू देतो. टेकूने पडवी त्या दिवशी पडत नाही. पण खांब दुरुस्त करायचा राहिला, तर टेकू किती दिवस पुरणार? पट्टी हा टेकू आहे. त्या दोन-तीन दिवसांत दुखणे जरा कमी वाटले, तर त्या वेळात व्यायाम करून घ्यायचा. नुसती पट्टी लावून स्नायू मजबूत होत नाही."

घरी आल्यावर मुलीने मोबाइलवर शोधून मला वाचून दाखवले. ही ताणणारी पट्टी जपानच्या केंझो कासे यांनी १९७० च्या दशकात काढली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर ती दिसली आणि जगभर तिचा बोलबाला झाला. पण कॉक्रेन नावाची संस्था, जी निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून औषधोपचार पारखते, तिने २०२१ साली खांद्याच्या याच दुखण्यावरच्या २३ चाचण्या तपासल्या. १०५४ रुग्ण होते. निष्कर्ष असा की या पट्टीने दुखणे कमी होते किंवा हात अधिक चालतो, असे खात्रीने म्हणता येत नाही.

त्याच २०२१ साली ब्रिटनमधल्या ७०८ रुग्णांच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. काहींना फिजिओथेरपिस्टकडे सहा वेळांपर्यंत बोलावून व्यायाम करवून घेतले. काहींना एकदाच बोलावून नीट समजावले, व्यायाम शिकवले आणि घरी करायला सांगितले. वर्षभराने पाहिले तर दोघांच्या सुधारणेत फरक नव्हता. काहींना खांद्यात इंजेक्शनही दिले होते, त्याचा फायदा सुरुवातीला थोडा दिसला, पुढे टिकला नाही.

मुलीने हे वाचले तेव्हा मी तिला म्हटले, "हे पुन्हा वाच." आपल्यासारख्यांना हे फार महत्त्वाचे आहे. मुंबईला एक खेप म्हणजे एक खाडा. दर आठवड्याला जाणे मला शक्यच नव्हते, आणि जाणे जमत नाही म्हणून मी उपचारच सोडून दिला असता. एकदा नीट शिकून घरी नेमाने केले तरी चालते, हे कळल्यावर मोठाच आधार वाटला. मी सगळ्या मिळून तीनच खेपा केल्या.

मॅडमनी दिलेले व्यायाम सांगते. पहिला लोलकाचा. डावा हात ओट्यावर टेकवायचा, कमरेतून थोडे वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलवून तो घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा. दुसरा भिंतीचा. भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीसारखी वर चढवायची. मी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारत असे. तिसरा पाठीचा. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे ओढायची, पाच अंक मोजायचे, सोडायचे, असे दहा वेळा. चौथा जोराचा. कोपर अंगाशी, काटकोनात. हाताची मागची बाजू भिंतीला लावून बाहेर दाबायची. भिंत हलत नाही, पण स्नायू जागा होतो. तीन आठवड्यांनी पाचवा दिला. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधायची आणि कोपर अंगाशी ठेवूनच बाहेर ओढायची. शेवटी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात धरून हात वर उचलायचा.

एक नियम त्यांनी सांगितला तो मी विसरत नाही. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरायचे नाही. पण दुसऱ्या सकाळी दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढलेले असेल, तर त्या दिवशी कमी करायचे. बंद करायचे नाही, कमी करायचे.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली, "मावशी, लाटता तो ओटा किती उंच?" मी हाताने दाखवले. ओटा माझ्या कोपराच्या वर येत होता, म्हणून लाटताना मी दिवसभर खांदे कानाशी उचलून धरत होते. त्या म्हणाल्या, "पायाखाली काहीतरी घ्या." मालकाला सांगितले तर ते म्हणाले, "इतकी वर्षं चाललंच ना?" मग मी घरूनच जाड लाकडी फळी नेली. चार दिवसांनी शेजारच्या ओट्यावरच्या बाईनेही आणली. आता आम्ही पाचही जणी फळीवर उभ्या असतो आणि मालक काही बोलत नाहीत, कारण पोळ्या कमी झालेल्या नाहीत.

लगेच बरे वाटले असे मी म्हणणार नाही. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता. एके दिवशी मी चिडून ट्यूब फेकून दिली होती. मुलीने ती उचलून पुन्हा गजाला बांधली आणि म्हणाली, "मी अभ्यासाला बसते तेव्हा तू व्यायाम कर. दोघींचा क्लास एकदमच." मग रोज रात्री तिचे पुस्तक आणि माझी ट्यूब. सहाव्या आठवड्यात उजव्या कुशीवर झोप लागली. तिसरा महिना संपता संपता भिंतीवरची रेघ डाव्या हाताच्या रेघेला जाऊन भिडली. त्या सकाळी लोकलमध्ये मी मुद्दाम उजव्या हाताने कडी धरली.

काही दुखणी काळाबरोबर आपोआपही उतरतात, हे मला ठाऊक आहे. माझे किती व्यायामाने गेले, किती फळीने, किती काळाने, हे मी तोलून सांगू शकत नाही. पण डॉक्टर या दुखण्यावर आधी व्यायाम सांगतात, तो घरी होतो आणि त्याला ट्यूबशिवाय खर्च नाही, हे मी सांगू शकते.

मात्र प्रत्येक खांदा घरी बरा करायचा नसतो. पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, खांदा लाल होऊन सुजला आणि ताप असेल, हाताला बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल, रात्रंदिवस न थांबणारे दुखणे असून वजन उतरत असेल, तर व्यायाम करत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. आणि खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल, तर तो खांदा नसून हृदय असू शकते. तेव्हा मालिशवाला नको, पट्टी नको, थेट इस्पितळ.

फिजिओथेरपी हा पैसेवाल्यांचा आणि खेळाडूंचा उपचार, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. मुंबईच्या केईएम इस्पितळात हे शिक्षण १९५० च्या दशकातच सुरू झाले. हाजीअलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे. म्हणजे माय घमेली वाहत होती तेव्हा कल्याणहून लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर हा उपचार होता. आम्ही विचारले नाही आणि आम्हाला कुणी सांगितले नाही. म्हणून मी हे लिहिते आहे.

माझी मुलगी आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी अजूनही लाटते, अजूनही रात्री ट्यूब ओढते. सकाळी आरशासमोर उभी राहून दोन्ही हात मागे नेऊन स्वतःची वेणी स्वतः घालते. रोज घालते, आणि रोज मायची आठवण येते. तिचा हात कुठे गेला नव्हता. तो तिथेच होता.

तुमच्या घरात कुणी बाई डाव्या हाताने डबा काढत असेल, ब्लाऊज घालताना ओठ दाबत असेल, तर "अवघडला असेल" म्हणून सोडून देऊ नका. तिचा हात हातात घ्या, हळूच वर नेऊन पाहा, आणि तिला एकदा तपासायला घेऊन जा. एक खाडा पडेल. पडू द्या.